लाभ वार, दोन वार, तीन वार

माझा गळा आता कामातून गेला आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही मास्तर होता का?" मी म्हटलं, "नाही." "मग कीर्तनकार?" "नाही हो. मी ज्वारी विकायचो. तीही लोकांची." डॉक्टर शहरातला पोरगा, त्याला काही उमगलं नाही. त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि हळू बोला म्हणून बजावलं. हळू! ज्या माणसाला उभी हयात मोठ्यानं ओरडण्याचा पगार मिळाला, त्याला हा सांगतोय हळू बोला. म्हणून आता बोलायचं ते लिहितो. या अंकाचे संपादक बऱ्याच दिवसांपासून मागे लागले होते, त्यांचंही काम होऊन जाईल.

मी धान्याच्या बाजारात लिलाव पुकारायचो. बाजाराचं नाव देत नाही, चिखलीच्या बाजूचा समजा. तेव्हाच्या शेटलोकांची नातवंडं आज मला रस्त्यात थांबवून चहा पाजतात, तो चहा मला बंद करायचा नाही. ज्यांनी लिलाव पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेतकरी आपला माल आणून ओट्यावर ढीग लावतो. आमच्याकडे त्याला ढेर म्हणतात. व्यापारी ढेराभोवती गोल उभे राहतात, मूठभर दाणे हातावर घेऊन फुंकतात, दोन दाणे दाताखाली धरतात. मधे उभा पुकारणारा. एकानं भाव बोलला की पुकारणाऱ्यानं तो साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडायचा, दुसऱ्याला चिथवायचं, तिसऱ्याकडे पाहायचं, आणि कोणी पुढे बोलेना की तीनदा पुकारून माल तोडायचा. तोडायचा म्हणजे सौदा पक्का करायचा. काम एवढंच. पण हे एवढंसं काम आमच्या बाजारात आणायला सरकारला नवं राज्य, नवा कायदा आणि माझी एक घोडचूक, एवढं सगळं लागलं.

नोकरी मला आवाजावर मिळाली. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. दीक्षेनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे जलशाचा मोठा जोर होता आणि मी त्यातला पुढचा गाणारा. पेटी होती, ढोलकी होती, लाउडस्पीकर मात्र नव्हता. सगळ्यात मागे कासामाय बसायची. आवाज जरा कमी पडला की ती तिथूनच ओरडायची, "सुदाम, आयकू नाई येऊन राह्यलं बे! जेवला नाई काय?" ती काही म्हातारी नव्हती, पण नवरा लवकर गेला आणि वावर तिनं एकटीनं राखलं, म्हणून सारी वस्ती तिला माय म्हणायची. तिच्या त्या ओरडण्यापायी माझा गळा तयार झाला. बाजार समितीचे सचिव जेव्हा नव्यानं येऊ घातलेल्या लिलावासाठी पुकारणारा शोधत होते तेव्हा मी मॅट्रिकची सनद घेऊन गेलो. सचिवांनी सनद पाहिलीच नाही. ते उठून पार फाटकापाशी जाऊन उभे राहिले आणि हातानं खूण केली, बोला. मी व्हरांड्यातून माझं नाव, गाव आणि तालुका पुकारला. फाटकाबाहेर बांधलेला एक बैल दावं तोडून पळाला. सचिव कान चोळत परत आले आणि म्हणाले, "उद्यापासून या."

आता रुमालाचं सांगतो, कारण रुमाल समजल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही.

लिलावाच्या आधी आमच्या बाजारात भाव रुमालात ठरायचा. त्याला हत्ता म्हणत. माल उतरायचा अडत्याच्या दुकानासमोर. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा आणि त्याबद्दल अडत घेणारा मधला माणूस. आमच्याकडचा सगळ्यात मोठा अडत्या गोपीशेट. अंगानं किडकिडीत, डोक्याला फेटा, खांद्यावर मोठा लाल रुमाल. खरेदीदार आला की गोपीशेट त्याचा हात हातात घ्यायचा, वरून रुमाल टाकायचा, आणि आत बोटं बोलायला लागायची. एक बोट दाबलं की एक, चार बोटं धरली की चार, पंजा धरला की पाच. वर दोघं पीकपाण्याच्या, लग्नाकार्याच्या गप्पा मारत असायचे आणि खाली ज्वारीचा भाव चढत असायचा. एक गेला की दुसरा. सगळ्यांचे हात झाले की गोपीशेट शेतकऱ्याचा हात रुमालाखाली घ्यायचा, त्याला बोटांनी भाव सांगायचा आणि विचारायचा, "देऊ?" शेतकरी बहुधा देऊन टाकायचा. आधी कोणी किती बोललं, सगळ्यात वरचा हात कोणाचा, हे एकट्या गोपीशेटला ठाऊक. मी त्याला लबाड म्हणत नाही. लबाडी करायची गरजच नव्हती, एवढी ती सोय पक्की होती. आणि खरं सांगू? बोटांची ती कला पाहण्यासारखी होती. गोपीशेटच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही.

आमच्या वस्तीच्या माणसाचा ढेर असला की मात्र रुमाल त्याच्या हातावर कधी यायचाच नाही. खरेदीदाराशी हात व्हायचा. मग आमच्या माणसाकडे वळून गोपीशेट दोन पावलं लांबूनच तोंडानं सांगायचा, "इतका." देऊ का, हे विचारणं नाही. विचारायचं तर हात धरावा लागला असता. स्वराज्य आलं, कायदे झाले, कोणी तोंडानं वावगं बोलत नसे. फक्त आमच्यापर्यंत रुमाल आखूड पडायचा. एकदा कासामायनं त्याच्यासमोर आपला हात उघडून धरला आणि म्हणाली, "शेट, माह्या हाताले काय काटे हायेत?" गोपीशेट हसला, ढेराकडे पाहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेला. ती तशीच थोडा वेळ हात पुढे करून उभी राहिली. मी ते पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

मग महाराष्ट्र राज्य झालं आणि थोड्या वर्षांनी बाजाराचा नवा कायदा आला. वऱ्हाडात बाजाराचे कायदे तसे इंग्रजांपासूनचे, पण त्या जुन्या कायद्याला रुमालाखालचं कधी दिसलं नव्हतं. नव्यानं साफ सांगितलं: भाव उघड लिलावानं ठरेल, सर्वांसमक्ष, मोठ्यानं. वरून परिपत्रक आलं. त्याची भाषा अशी की सचिवांनाही दोनदा वाचावी लागली. पण त्यामागचा विचार सचिवांनी मला एका दमात समजावला. ते म्हणाले, "सुदाम, जालन्याचा, खामगावचा व्यापारी आपल्याकडे काऊन येत नाही? कारण रुमालात त्याला हात घालू देत नाहीत. तो आला तर भाव वाढेल. भाव वाढला तर माल वाढेल. माल वाढला तर रस्ता होईल, गोदाम होईल. पण हे सगळं कधी, तर भाव तोंडानं बोलला तर." मला ते एकदम पटलं. मला तर बाकी काही नसतं तरी पटलं असतं.

शेटलोकांना पटलं नाही. बाजाराबाहेरच्या चहाच्या दुकानात त्यांची बैठक बसली. कोणी म्हणालं, आपण काय भाजी विकतो का, ओरडायला? कोणी म्हणालं, शेजाऱ्याला आपला भाव कळला तर धंदा कसा करायचा? समितीतही दोन तट होते. शेवटी असं ठरलं की हंगामाच्या सुरुवातीला लिलाव करून पाहायचा, आणि बोलीच आली नाही तर 'येथील रिवाजास ही पद्धत मानवत नाही' असं वर कळवून रुमाल चालू ठेवायचा. हे ऐकून मी सरळ गोपीशेटच्या दुकानात गेलो. माझा स्वभावच तसा, पोटात ठेवता येत नाही. मी विचारलं, "शेट, अडत तं भावावर मिळते ना? भाव वाढला तं तुमचा फायदाच. मंग विरोध काऊन?"

गोपीशेटनं मला उभं आडवं पाहिलं. मग म्हणाला, "फायद्याचं मले नको शिकवू. भाव साऱ्यायले आयकू आला तं उद्या गोपीशेटले कोन इचारन? माह्या बापानं हा रुमाल चालवला." आणि वर म्हणाला, "तू पुकार, बाबू. मस्त पुकार. आमी आयकू. पन बोलनं तं आमच्याच हाती हाये ना?"

म्हणजे सगळे गप्प बसणार होते. ते त्यानं सांगूनच टाकलं.

त्याच आठवड्यात कासामाय माझ्या दारात येऊन बसली. तिनं ऐकलं होतं की बाजारात काही नवं येऊन राह्यलं आहे. मी तिला लिलाव समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"म्हंजे माह्या ढेराचा भाव मले आयकू येईन?"

"हाव, माय."

"सगळ्यायच्या आधी शेटले अन् मंग मले, असं नाई ना?"

"नाई. सगळ्यायले एकाच वक्ती."

"मंग पयला ढेर माहा ठेव."

मी घाबरलो. म्हटलं, "माय, दुसऱ्या कोनाचा जाऊ दे पयला. ते लोक बोलनार नाईत. तुहा माल पडून राहीन. गाडी भरून परत न्या लागन, लोक हासतीन." ती म्हणाली, "आजपर्यंत काय कमी हासले काय? वस्तीतले सारेच गाड्या भरून बसले हायेत, सुदाम. ते माह्याकडे पाहून राह्यले. माहा ढेर गेला तं ते येतीन. नाई गेला तं गावातल्याच दुकानदाराले टाकतीन, तो देईन त्या भावात. अन् तू घाबरू नको. तुले फक्त ओरडाचं हाये." उठताना पुन्हा म्हणाली, "जेवून येजो."

लिलावाच्या दिवशी मी जेवून गेलो होतो. ओट्यावर कासामायचा ढेर, पांढरीशुभ्र टपोरी ज्वारी. तिच्यामागे इतर शेतकऱ्यांच्या गाड्या, त्यात आमच्या वस्तीची एकही नाही. ती आपली एकटीच, पदर खोचून, ढेराच्या अगदी शेजारी उभी. समोर साऱ्या खरेदीदारांचं कडं. प्रत्येकाच्या खांद्यावर रुमाल. गोपीशेट पुढेच, हाताची घडी घालून. कडेला एक अनोळखी माणूस होता. जालन्याकडचा व्यापारी, ट्रक घेऊन आलेला. इथे आता उघड लिलाव होतो असं कुठून तरी ऐकून आला होता. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं, मग तोही गप्प उभा होता.

मी परिपत्रकातले शब्द पाठ केले होते. चांगली शुद्ध भाषा. "व्यापारीबंधूंनो, उत्तम प्रतीची ज्वारी, बोली बोला!" कोणी हललं नाही. मी पुन्हा पुकारलं. एकानं दात कोरायला काडी काढली. मी ज्वारीचे गुण गायले, दाण्याचे, रंगाचे, जमिनीचे. जलशात गायलो नसेन असा गायलो. एक जण जांभई देऊन म्हणाला, "गळा गोड हाये पोट्ट्याचा." सगळे हसले आणि पुन्हा गप्प. सचिव व्हरांड्यात उभे, चेहरा उतरलेला. कासामाय माझ्याकडे पाहत होती. पुढे काय करायचं ते परिपत्रकात होतं: बोली न आल्यास तीन वार पुकारून लिलाव तहकूब करावा. म्हणजे रुमाल पुन्हा आला. म्हणजे ही बाई ज्वारी घेऊन परत जाणार आणि तिच्यामागे सारी वस्ती.

मी श्वास घेतला आणि व्हरांड्यातल्या त्या दिवसासारखा आवाज काढून ओरडलो, "एक!"

पुढचा 'वार' हा शब्द माझ्या तोंडातच राहिला. साऱ्या बाजारात एकच गलका उडाला.

इथे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे धान्याच्या ढेरावर कोणी 'एक' म्हणत नाही. माप घालणारा पहिली पायली उचलतो आणि म्हणतो, "लाभ". मग दोन, तीन, चार. 'एक' म्हटलं की धान्य एकाच मापात सरतं, बरकत जाते. ढेर कोणाचाही असो, माप घालणारा कोणीही असो, पहिलं माप लाभाचं. हे मला काय ठाऊक नव्हतं? बापाच्या मागे खळ्यावर उभा राहून मोजत आलो होतो. पण त्या छापील कागदानं माझ्या तोंडून 'एक' काढलं, तेही भरल्या बाजारात, हंगामाच्या पहिल्या ढेरावर.

"अबे बह्याडा, एक काय म्हनतं!"

"सत्यानाश केला न बे! सारा हंगाम बुडवतं काय?"

"ढेरावर एक म्हनला! अरे कोनी आवरा याले!"

आणि या सगळ्यांच्या वर गोपीशेटचा आवाज. ज्या माणसानं जन्मभर बोटांनी धंदा केला, त्याला एवढा आवाज आहे हे त्या दिवशी कळलं. सगळ्यात जास्त माल त्याच्या दुकानी उतरायचा, म्हणून जीवही सगळ्यात जास्त त्याचाच खालीवर झाला. फेटा मागे सरकलेला, हात हवेत. "लाभ म्हन! आधी लाभ म्हन बे! लाभ!"

मी आधी गांगरलो. मग डोक्यात लख्खकन उजेड पडला. अरे, ही माणसं तर बोलताहेत! जी तोंडं शिवून आली होती ती सगळीच्या सगळी उघडी आहेत. आता मिटू द्यायची नाहीत. मी परिपत्रक खिशात कोंबलं, शुद्ध भाषा त्याच्या मागोमाग कोंबली आणि माझ्या खळ्यावरच्या बोलीत ओरडलो, "चुकलो, बाप्पा! लाभ! शेट म्हनून राह्यले लाभ! पन लाभ कितीचा, ते तं कोनी सांगा ना!"

मग तो जालन्याचा माणूस खो खो हसला. हसता हसता हात वर करून त्यानं भाव बोलला.

तो भाव मी इथे लिहीत नाही. आजच्या वाचकाला तो एका वेळच्या चहाचा वाटेल. त्या दिवशी मात्र तो बरा होता. मी तो असा पुकारला की फाटकाबाहेरचे बैल पुन्हा उठून उभे राहिले. लगेच आमच्या बाजारातला एक जाडा खरेदीदार चुळबुळला. परक्या गावचा माणूस येतो आणि आपल्या डोळ्यांसमोर पहिल्या दर्जाची ज्वारी घेऊन जातो? "चार आने वर!" तो बोलला, आणि बोलून गेल्यावर गोपीशेटकडे पाहून जीभ चावली. उशीर झाला होता. जालनेकर आणखी वर गेला. तिसरा बोलला. दात कोरणाऱ्यानं काडी टाकली आणि तोही बोलला. मला आता चिथवावंही लागत नव्हतं, नुसता एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात भाव फेकत होतो. जाडा चिडून म्हणाला, "अबे, त्याले ट्रकभाडं हाये, मले नाई, मी काऊन सोडू?" आणि एकदम रुपया चढवला. हे ऐकून सचिव व्हरांड्यात हसायला लागले. परिपत्रकात जे दोन पानांत लिहिलं होतं ते त्या जाड्यानं एका वाक्यात सांगितलं.

शेवटी जालनेकरानं नको म्हणून मान हलवली आणि भाव जाड्यावर थांबला. मी पुकारलं, "लाभ वार! दोन वार! तीन वार!" आणि ढेर तुटला.

मी कासामायकडे वळलो. ती जागची हलली नव्हती. म्हणाली, "पुन्हा म्हन."

मी भाव पुन्हा सांगितला.

"असा नाई. मघाशी म्हनला तसा. मोठ्यानं."

मग मी पुन्हा पुकारला, साऱ्या बाजारात, तिच्या नावानिशी. ती तोंडावर पदर धरून हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मलाही पुढच्या ढेराला आवाज लागेना. सचिवांनी पाणी पाठवलं तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. पुढच्या बाजाराच्या दिवशी आमच्या वस्तीच्या गाड्या रांगेत होत्या.

त्या दिवसापासून आमच्याकडे लिलाव 'लाभ वार'नंच सुरू होतो. पुढे पुण्याहून तपासणीला एक साहेब आले. भला माणूस. त्यांनी शेरा मारला की 'लाभ' हा अंक नसून नियमांत त्यास आधार आढळत नाही. सचिवांनी उत्तर धाडलं की स्थानिक व्यवहारात लाभ म्हणजे एक, आणि एक म्हणजे तोटा. साहेबांनी ते मान्य केलं. निघताना मला बाजूला घेऊन त्यांनी तो पुकार दोनदा म्हणवून घेतला, स्वतःही म्हणून पाहिला. आवाज बेताचाच होता.

पुढच्या वर्षांत काय काय पाहिलं! एक शेतकरी आपल्याच ढेराचा लिलाव ऐकून असा रंगात आला की स्वतःच बोली बोलू लागला आणि शेवटी आपली तूर आपणच जिंकला. त्याची बायको त्याला बखोट धरून घेऊन गेली. एका व्यापाऱ्याला खोकला होता. तो खोकला की मी चार आणे वर समजायचो. त्यानं तक्रार केली, मग त्याला लिलावाआधी खडीसाखर देण्याचा रिवाज पडला. पण मला खरं नवल वाटलं ते वेगळंच. रुमालात सगळे ढेर जवळपास एकाच भावात जायचे, तेव्हा माल साफ कोण करणार? आता शेजारच्या ढेराला जास्त भाव का मिळाला हे उभ्या उभ्या ऐकू यायला लागलं. कासामायनंच मला विचारलं होतं, "त्याच्या जवारीले काय सोनं लागलं हाये?" मी म्हटलं, "त्यानं चाळून आनली, माय." पुढच्या साली तिनं अशी चाळून आणली की व्यापाऱ्यांना फुंकायला काही उरलं नाही. आमच्या वस्तीत चाळण्या आल्या, बियाणं निवडून ठेवणं आलं. मग बाहेरचे ट्रक वाढले, ओटे वाढले, बाजाराचा रस्ता पक्का झाला. सचिव म्हणाले होते तसंच झालं, फक्त ते म्हणाले होते त्याहून सावकाश. गोपीशेटची अडतही वाढली. ते तो कोणाला सांगायचा नाही, पण त्याच्या दुकानावर दुसरा मजला चढला तो आम्ही पाहिला.

सगळंच गोड झालं असं म्हणणार नाही. रुमाल गेला, पण चहाचं दुकान राहिलं. कधी कधी लिलावाआधी तिथे चार डोकी एकत्र यायची आणि ओट्यावर आली की एका ठरावीक भावापुढे कोणी बोलायचं नाही. ते मला आवाजावरून कळायचं. ठरवून आलेला माणूस फार आरामात बोलतो. मी त्यांना चिडवायचो, डिवचायचो, बाहेरच्या व्यापाऱ्याची वाट पाहत ढेर मागे ठेवायचो, शिव्या खायचो. कधी जमायचं, कधी नाही. त्या दिवशी घरी जेवण गोड लागायचं नाही. कायदा माणसाचं तोंड उघडून देऊ शकतो, आत काय बोलायचं ते अजून ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

गोपीशेट म्हातारा झाला, दुकान मुलांनी घेतलं. तो रोज येऊन ओट्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा, खांद्यावर तोच लाल रुमाल, आता पुसट झालेला. माझे निवृत्तीचे दिवस जवळ आले होते. एकदा दोन ढेरांच्या मधे मी पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं. मी समोर उभा राहिलो. त्यानं माझा उजवा हात ओढून घेतला आणि वरून रुमाल टाकला.

इतकी वर्षं बाजारात काढली, हजारो सौदे तोडले, पण त्या रुमालाखाली माझा हात कधी गेला नव्हता. आमच्यातल्या कोणाचाच गेला नव्हता. त्याचा हात सुकलेला, हाडाचा, आणि चांगलाच गरम. माझ्या मनात रागही आला, खोटं कशाला बोलू. हा हात त्या बाईला द्यायला हवा होता, तेव्हा. पण मी तो काढून घेतला नाही. गोपीशेटनं माझं एक बोट धरलं आणि हळूच दाबलं.

"सांग, किती?" त्यानं कुजबुजून विचारलं. रुमालाचा कायदाच तो, मोठ्यानं बोलायचं नाही.

आता मी पडलो पुकारणारा. गुपित माझ्याकडे टिकत नाही. इतक्या वर्षांची सवय, तोंडून निघायचं ते पूर्ण आवाजात निघालं: "लाभ!"

सारा बाजार वळून पाहायला लागला. गोपीशेट दचकला, मग इतका हसला की त्याला ठसका लागला. "तुह्या पोटात काईच राह्यत नाई बे," तो म्हणाला. हात मात्र सोडला नाही.

पलीकडच्या ओट्यावर कासामाय आपल्या दोन पोत्यांवर बसली होती. आता तिला कमी ऐकू येत होतं, तरी माल आणायला ती स्वतःच यायची, मुलाला एकट्याला पाठवायची नाही. तिनं काठी टेकली, उठली आणि आमच्यापर्यंत चालत आली. आधी तिनं रुमालाकडे पाहिलं, मग खालून निघालेल्या माझ्या मनगटाकडे, मग गोपीशेटच्या तोंडाकडे. गोपीशेटचं हसू थांबलं. त्यानं दुसरा हात गुडघ्यावरून उचलला आणि उघडून तिच्यापुढे धरला. तो तसाच धरून राहिला.

कासामायनं कानामागे हात लावला आणि मला म्हणाली, "काय म्हनला तू? मले आयकू नाई आलं. पुन्हा म्हन."

मी पुन्हा म्हटलं, जितका गळा होता तितक्यानं.